दोन वर्षं की सत्तर? बेत मोडल्यावरच्या विश्वासाबद्दल एका पाळकाचं उत्तर

प्रश्न: मी जालन्याची, वय २९, नर्स आहे. नोकरी सांभाळून दोन वर्षं जर्मन शिकले, बी-टूची परीक्षा पास झाले, तिथल्या एका हॉस्पिटलचं पत्रही आलं. व्हिसाच्या मुलाखतीला ११ दिवस उरले असताना पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलताना शब्द सापडत नाहीत. आई नाही, भाऊ नाही, म्हणून मी जाणं रद्द केलं. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येतात, बायबलमधलं यिर्मया २९:११ ('माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत' असं देव सांगतो ते वचन) वाचून दाखवतात आणि देवाची योजना याहून मोठी आहे म्हणतात. ऐकून राग येतो, आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. प्रार्थनेला बसले की तोंडातून शब्द निघत नाही. माझा विश्वास कमी पडला का? देवाने दार बंद केलं, की नुसता उशीर लावलाय? वाट पाहू की विसरून जाऊ? जर्मनची पुस्तकं विकून टाकू का?

ताई, सलाम.

पुस्तकांचं शेवटी सांगतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांत तो एकच असा आहे ज्याचं उत्तर मला पक्कं माहीत आहे.

मी ३३ वर्षं पाळक होतो. निम्मी वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली, उरलेली शहरात. शेवटची ९ वर्षं एका इस्पितळात रोज सकाळी वॉर्डातून फेरी मारायचं काम माझ्याकडे होतं. पलंगावरच्या माणसापेक्षा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्याशीच माझं बोलणं जास्त व्हायचं. तुम्ही आता त्या स्टुलावर आहात.

तुमचा विश्वास कमी पडला का? नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूच्या शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हेच विचारलं होतं, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं. येशूने दोन्ही नाकारलं. झटका कशाने येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. यावर मी याहून जास्त लिहीत नाही, कारण यावर लांबलचक बोलणारा माणूस बहुतेक वेळा हळूच दोष देऊन जातो.

यिर्मया २९:११ बद्दल मात्र सावकाश बोलायला हवं. त्या वचनाचं माझ्यावर एक देणं आहे.

दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या रविवारी मी मंडळीतल्या मुलांना हे वचन छापलेली कार्डं वाटायचो. सोनेरी कडांची, एका वेळी २०० छापून घेतलेली. एका वर्षी एक मुलगी नापास झाली, तरी कार्ड घ्यायला रांगेत उभी राहिली. पुढच्या रविवारी ते परत घेऊन आली आणि म्हणाली, "साहेब, हे देवाने नक्की कुणाला लिहिलं होतं?" बोलण्यात उर्मटपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन तो अध्याय वरपासून खालपर्यंत वाचला. पाळक होऊन तेव्हा मला १८ वर्षं झाली होती. एखादी ओळ पाठ झाली की तिच्या वरच्या-खालच्या ओळी वाचायच्या राहून जातात, हे पाळकांच्या बाबतीतही खरं आहे.

तर हे कुणाला लिहिलं होतं? इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमहून तिथल्या राजाला, सरदारांना आणि बरोबर सुतार-लोहारांनाही कैद करून नेलं. पुढे परत येणाऱ्या लोकांबरोबर एज्रा नावाच्या याजकाला हाच रस्ता उलट्या बाजूने चालायला चार महिने लागले, त्यावरून अंतराचा अंदाज करा. कुणाचं दुकान नुकतंच लागलं असेल, कुणाच्या पोरीची सोयरीक ठरली असेल. त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून पाठवलेलं हे पत्र आहे.

पण त्याआधीचा २८ वा अध्याय वाचल्याशिवाय २९ वा वाचू नये, असं माझं मत झालंय. यिर्मया त्या दिवसांत मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. लोकांना दिसावं, की बाबेलचं ओझं एवढ्यात उतरणार नाही. मंदिरात सगळ्यांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा पुढे आला आणि देवाच्या नावाने म्हणाला, दोन वर्षं. दोन वर्षांत मंदिराची भांडी परत येतील, राजा परत येईल, नेलेले सगळे परत येतील. मग त्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं. काय टाळ्या पडल्या असतील!

यावर यिर्मयाचं उत्तर काय? आमेन. परमेश्वर असंच करो. त्याच्याही मनात तेच होतं. त्यालाही आपली माणसं परत हवी होती. पुढे तो एवढंच म्हणाला, की शांतीचा संदेश देणाऱ्याचा शब्द खरा ठरला तरच त्याला देवाने पाठवलं असं समजायचं. आणि तिथून निघून गेला. हनन्या खोटं बोलतोय हे सांगायला देवाने यिर्मयाला परत पाठवलं ते नंतर.

आणि मग ते पत्र. त्यात पहिलं काय लिहिलंय? घरं बांधा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्यानंतर दहावी ओळ: ७० वर्षं. तुमच्या घरी वाचली जाते ती अकरावी ओळ त्याच्याही नंतर येते. ज्याने तिशीत ते पत्र ऐकलं त्याला परतीचा रस्ता दिसणार नव्हता. माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, असं देव त्याला सांगतोय, आणि त्याच पत्रात तू घरी जाणार नाहीस हेही सांगतोय.

तुम्हाला राग कशाचा येतो ते आता माझ्या लक्षात येतं. भेटायला येणाऱ्यांच्या हातात यिर्मयाचं पुस्तक आहे आणि बोलतात ते हनन्याचं. "थोडा धीर धरा, याहून चांगली नोकरी मिळेल, याहून चांगला देश मिळेल." ते मनाने वाईट नाहीत. तुमचं दुःख बघवत नाही म्हणून तारीख देऊन मोकळे होतात. तुमचा राग देवावर आहे असं मला वाटत नाही. आणि असला तरी त्याला भिऊ नका, देवाने त्याहून मोठे राग ऐकलेत.

आता दाराचं. देवाने दार उघडलं, देवाने दार बंद केलं ही भाषा आपल्या मंडळ्यांमध्ये फार चालते, मीही ती खूप वापरली. हल्ली टाळतो. प्रेषित पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं, ते जमलं नाही आणि तो मासेदोनियाला गेला, हा दाखला सगळे देतात. पण त्याच पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं होतं, की स्पेनला जाता जाता तुम्हाला भेटेन. रोमला तो पोहोचला खरा, पण वाटेत जहाज फुटलेलं आणि हातात बेड्या. प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक त्याला रोममध्येच पहाऱ्यात बसवून संपतं, स्पेनचा शब्दही तिथे नाही. त्या पहाऱ्यातल्या खोलीत पौल दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत राहिला, असं पुस्तक सांगतं. स्पेनचं दार बंद होतं की उघडं, हे न कळताही त्याचा दिवस पार पडत होता. म्हणून 'बंद की उशीर' हा प्रश्न सध्या फडताळात ठेवून द्या. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येणार नाही, असं वाटतं खरं. पण तसं नसतं.

आपल्या मराठी माणसांत याचं मला सगळ्यांत जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं वाटतं. मंडळीत त्यांचं चरित्र आपण सरळ रेघेसारखं सांगतो: देवाने बोलावलं, त्या गेल्या, निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन उभं राहिलं. वर्षं एकाखाली एक मांडून पाहा. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. तरी बाईंनी बेत केला: इंग्लंडला जायचं, डॉक्टर व्हायचं. १८८३ मध्ये गेल्या. आणि तिथे ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता बंद झाला.

बहिरेपणाने. कुठला छळ नाही, कुणी शत्रू नाही. कान.

तुम्ही नर्स आहात म्हणून सांगतो, पुढचं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, आणि तो समारंभ पाहायला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. जी पदवी आपल्याला मिळणार नव्हती ती दुसरीला मिळताना पाहायला समुद्र ओलांडून गेल्या. तुमच्या बॅचमधली एखादी मैत्रीण विमानतळावरचे फोटो टाकते तेव्हा तुमच्या पोटात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करू शकतो. आणि आनंदीबाई, ज्यांचा बेत पुरा झाला, त्या पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झालेली नव्हती.

त्या भेटीनंतर रमाबाई अमेरिकेत फिरल्या, भाषणं दिली, पैसे उभे केले. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातली मोठी मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. आणखी एक बेत मोडला.

इथून पुढचा भाग मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि आपण तोच सगळ्यांत घाईने सांगतो. दहा वर्षांची मदत संपली की पुढे काय, या चिंतेने बाईंनी दौंड तालुक्यात केडगावला जमीन घेतली. कशासाठी? फळझाडं लावायला. बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल, एवढा साधा हिशेब. बागा लावा आणि त्यांची फळं खा! त्या जमिनीवर जगाला माहीत होणारी संस्था उभी राहील, असा बेत त्यात नव्हता. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्या केडगावच्या रानात नेल्या. मुक्ती तिथे सुरू झालं. दुष्काळात हाती होतं काय, तर आधी चिंतेपोटी घेऊन ठेवलेलं बागेचं रान.

म्हणून दुष्काळ देवाच्या योजनेचा सुंदर भाग होता, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या मुलींचे आईबाप मेले होते. रमाबाईंचेही असेच मेले होते, १८७४ मध्ये. दुष्काळात मागे उरलेली मुलगी कशी दिसते ते त्यांनी आतून पाहिलं होतं, एवढंच मी म्हणेन.

आणि चरित्र तिथे संपत नाही. पुढचा कारभार मनोरमाबाईंनी सांभाळायचा, असं धरून सगळं चाललं होतं. त्या शिकल्या, आईच्या हाताखाली तयार झाल्या, आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेल्या. या खेपेला मागून कुठलं केडगाव आलं नाही. रमाबाई अनेक वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. लेक गेल्यावर ते काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. मोडलेल्या प्रत्येक बेतातून काहीतरी मोठं निघतंच असं मला कुणी सांगायला लागलं, की मी त्याला मनोरमाबाईंबद्दल विचारतो.

माझंही सांगतो, थोडक्यात. पुढच्या शिक्षणासाठी मला बंगळूरला जागा मिळाली होती. ट्रंक भरून ठेवलेली होती. त्याच पावसाळ्यात पत्नीची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं. चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. मग ती गेली. लोक म्हणतात, त्या चार वर्षांनी मला चांगला पाळक केलं. केलं असेल. पण त्या किमतीला मी चांगला पाळक होणं मागितलं नसतं, आणि देवाने माझ्या पाठीमागे असला सौदा केला हे मी मानत नाही. त्या दिवसांत माझा विश्वास मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत पुरेल एवढाच होता. शुक्रवारी परत भरून घ्यावा लागे. मंडळीसमोर मी हे कधी बोललो नाही, बोलायला हवं होतं.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत, तर दुसऱ्याचे घ्या. स्तोत्र ८८ उघडा. बायबलमधल्या बहुतेक तक्रारीच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, स्तुती येते. यात येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार हाच त्याचा शेवट आहे. तरी कुणी ते गाळलं नाही, मंदिरात गायला ठेवलं. रोज रात्री तेवढंच वाचा आणि आमेन म्हणा. इस्पितळात मी ते पुष्कळांना दिलं. एका आजोबांनी विचारलं होतं, "साहेब, एवढं वाईट लिहिलेलं आत कसं काय राहू दिलं?" पुढचे चार दिवस ते स्वतःच मागून घेऊन वाचत होते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारतो. पप्पांवर राग येतो का? रक्तदाबाच्या गोळ्या चुकवत होते का? तुम्ही सांगत होतात आणि ते हसण्यावारी नेत होते का? त्या स्टुलावर बसलेली दर दुसरी मुलगी हे मनात घेऊन बसलेली असते आणि स्वतःला पापी समजते. तसं असेल तर कुणाला तरी एकदा बोलून टाका, पप्पांना नको. पाळकीणबाईंशी बोलायला जड जात असेल तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टर मैत्रिणीला सांगा, ती न दचकता ऐकेल.

आता बागेचं. तुमची बाग काय? पहिले काही महिने व्यायामाला सगळ्यांत जास्त फळ देतात हे तुम्ही जाणता, म्हणून फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार यांत खंड पडू देऊ नका. नोकरी पूर्ण सोडू नका, पाळ्या कमी करून मिळतात का पाहा. भेटायला येणाऱ्यांना काम द्या. वचन घेऊन कुणी आलं की म्हणा, "काका, रविवारी दुपारी दोन तास पप्पांजवळ बसाल का? मला झोपायचंय." पुष्कळ जण बसतील. जे बसणार नाहीत ते वचन घेऊनही येईनासे होतील, तोही फायदाच. जर्मनीच्या हॉस्पिटलला स्वतः लिहा, काय झालं ते सरळ सांगा आणि पत्राची मुदत वाढते का विचारा. एजन्सीकडे पैसे भरले असतील तर परतीचे नियम लेखी मागवा, फोनवरच्या गोड बोलण्यावर राहू नका. देवावर भरवसा ठेवलाय म्हणून चौकशी करायची नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. रमाबाईंनी मदत संपायच्या आधीच जमीन पाहायला घेतली होती.

पप्पा दोन वर्षांत बरे होतील आणि मग मी जाईन, अशी तारीख मात्र मनात धरू नका. कधीच जाणार नाही असंही ठरवून टाकू नका. हिताचे संकल्प आहेत असं तो म्हणतो, त्याला धरून राहा. वेळापत्रक त्याने तुम्हाला दिलेलं नाही, मला तर नाहीच नाही.

आणि पुस्तकं. विकू नका. बी-टूची वर ठेवून द्या. सगळ्यांत पहिलं, चित्रांचं जे असेल ते खाली काढा. पप्पांना शब्द सापडत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना एकदा विचारून घ्या, आणि संध्याकाळी चहा झाला की ते पुस्तक पप्पांच्या मांडीवर उघडा. जर्मन शब्द बोटाने झाका, चित्र दाखवा आणि मराठीत विचारा, हे काय? खुर्ची. खिडकी. सफरचंद. त्यांना लागेल तेवढा वेळ घेऊ द्या, त्यांच्या आधी तुम्ही बोलू नका.